ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्ये घालण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: डेस्कटॉप २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, त्यात जीटीएक्स ६५० टीआय कार्ड. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत चालतं, मग पडद्यावर रंगीत चौकटी उमटायला लागतात, आणि गेम चालू असेल तर पडदा सरळ काळा होतो. मॉनिटर जुना, व्हीजीए या अॅनालॉग जोडाचा, कार्डाच्या डीव्हीआय पोर्टला अडॅप्टर लावून जोडलेला. एक मित्र म्हणतो कार्ड ओव्हनमध्ये भाजून काढ, दुसरा म्हणतो नवीन घे. कोणाचं ऐकायचं?

सध्या कोणाचंच नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यातला सगळ्यात कामाचा भाग ‘दहा-पंधरा मिनिटांनी’ हा आहे. ज्या कार्डाची मेमरी किंवा चिप पुरती गेलेली असते ते बहुतेक वेळा पहिल्या मिनिटापासूनच रडतं, कंपनीचा लोगो येतो तिथेही उभ्या रेघा दिसतात. गरम झाल्यावर बिघडणारं कार्ड वेगळ्या जातीचं. त्यात थंडावा कमी पडत असेल, वीज कमी पडत असेल, किंवा झाळलेल्या (सोल्डर केलेल्या) सांध्याला गेलेला तडा तापल्यावर उघडत असेल. पहिली दोन कारणं घरच्या घरी सुटतात. तिसरं सुटत नाही, आणि ओव्हनवाल्या मित्राचा डोळा नेमका त्यावरच आहे.

म्हणून आधी गुन्हेगार कोण ते ठरवू. माझ्याकडे ‘कार्ड गेलंय’ म्हणून आलेल्या मशीनपैकी बऱ्याच मशीनची कार्डं निर्दोष निघाली आहेत. एक तर अजून डोळ्यासमोर आहे. मालकाने नवं कार्ड आणून बसवलं होतं, तरी पडदा काळा होणं थांबेना, म्हणून मशीन माझ्याकडे. कार्डाला जाणारा सहा पिनांचा वीजजोड काढून प्रकाशात धरला, तर त्यातल्या एका पिवळ्या वायरची पिन तपकिरी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक किंचित वितळलेलं. पिन सैल होती, म्हणून तापत होती. तापली की आणखी सैल होत होती. जुनं कार्ड तोवर भंगारात गेलं होतं.

चौकटी दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडून बघा. चित्रातही चौकटी असतील तर बिघाड चित्र तयार होण्याच्या जागी आहे, म्हणजे चिप, तिची मेमरी किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). चित्र स्वच्छ असेल तर कार्ड बरोबर काढतंय आणि वाटेत बिघडतंय. तेव्हा केबल, तो अडॅप्टर, मॉनिटर किंवा कार्डाचा बाहेर जाणारा भाग बघायचा. ही तपासणी फुकट आहे आणि एका मिनिटात होते, तरी ती करून आलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

मग सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमीत कमी गोष्टींवर चालणाऱ्या अवस्थेत, मशीन अर्धा तास चालू ठेवा. तिथे कार्डावर भार जवळजवळ नसतो आणि कंपनीचा ड्रायव्हरही नसतो. तिथेही चौकटी आल्या तर ड्रायव्हर निर्दोष. आल्या नाहीत तर ड्रायव्हर आणि उष्णता दोघंही संशयित राहतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा उभा करतं आणि ही नोंद टाकतं. अशा नोंदी ढिगाने असतील तर तुमचा काळा पडदा बहुधा तोच. मात्र यावरून कारण कळत नाही, फक्त कार्ड गप्प बसलं होतं एवढंच कळतं.

आता तुमच्या मशीनची एक जमेची बाजू. तिसऱ्या पिढीच्या बहुतेक आय-५ प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं. काही मोजक्या मॉडेलांत, जसं नावाला शेवटी ‘पी’ असलेल्या, ते नसतं. मशीन बंद करा, कार्ड पूर्ण काढा, मॉनिटर मदरबोर्डच्या व्हीजीएला लावा आणि एक दिवस तसंच वापरा. तरीही मशीन हँग होत असेल किंवा आपोआप बंद पडत असेल तर कार्डाला उगाच बोल लावत होतो. मग एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), रॅम, मदरबोर्ड यांच्याकडे वळायचं. मशीन गुणी बाळासारखं चाललं तर संशय कार्डावर आणि त्याला वीज देणाऱ्या एसएमपीएसवर उरतो, कारण कार्ड काढल्यावर एसएमपीएसवरचा भारही उतरलेला असतो. ६५० टीआय पूर्ण जोरात ११० वॅट मागतं. मल्टीमीटर असेल तर गेम चालू असताना पिवळ्या, म्हणजे बारा व्होल्टच्या, वायरवर किती व्होल्ट मिळतात ते बघा. ११.४ ते १२.६ ही मर्यादा आहे. भार येताच आकडा ११.४ च्या खाली उतरत असेल, तर कार्डाची दुरुस्ती हा पुढचा प्रश्न. प्रोब लावताना दोन टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, बाकी बारा व्होल्टला घाबरायचं कारण नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या आतल्या मोठ्या कपॅसिटरांत विजेचा जीवघेणा दाब काही काळ राहतो.

आता उष्णता. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात तापमान, पंख्याचा वेग आणि क्लॉक (चिपचा वेग) फाइलमध्ये नोंदवून ठेवायची सोय आहे. ती चालू करा, गेम लावा, आणि पडदा काळा झाल्यावर शेवटच्या ओळी वाचा. तापमान ७०-८० वर असताना बिघडलं तर कारण थंडावा नव्हे. ९५ च्या पुढे चढत गेलं आणि मग मेलं, तर तुमचं नशीब चांगलं आहे. हा बिघाड पंख्याचा, किंवा चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याकडे, नेणाऱ्या पेस्टचा.

या कामावर थोडं सविस्तर लिहितो, कारण जुन्या कार्डाची खरी दुरुस्ती म्हणतात ती बहुतेक वेळा एवढीच असते. कार्ड काढायच्या आधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट होऊ द्या, म्हणजे वाळलेली पेस्ट थोडी ढिली होते. बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. कार्डाच्या पाठीवर चिपभोवती चार स्प्रिंगवाले स्क्रू असतात. एक पूर्ण काढून मग दुसरा, असं करायचं नाही. समोरासमोरचे दोन अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे, मग उरलेले दोन, म्हणजे चिपच्या एकाच कोपऱ्यावर दाब येत नाही. ती चिप उघडी सिलिकॉनची असते आणि तिचा कोपरा सहज उडतो. हीटसिंक निघत नसेल तर ओढू नका, हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. ती सुटली की लगेच उचलायचीही नाही, कारण पंख्याची वायर अजून कार्डाला जोडलेली असते आणि तिचा सॉकेट नखाएवढा असतो.

आत काय दिसतं ते एकदा बघितलं की विसरत नाही. चिपवरची पेस्ट भिंतीच्या चुन्याच्या खपलीसारखी कोरडी, कडांवर ढकलली गेलेली, आणि मधोमध जिथे ती हवी तिथे चिप आरशासारखी उघडी. हीटसिंकच्या पात्यांमध्ये, पंख्याच्या अगदी खाली, धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर. वरून फुंकर मारून तो कधीच जात नाही, कारण तो पंख्याच्या आड असतो. पंखा काढून ब्रशने खरवडावा लागतो. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरा. वाऱ्याने भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग खराब होतं.

चिप आणि हीटसिंकचा तळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, शक्यतो ९९ टक्के शुद्धतेच्या. धागे न सुटणारा कपडा वापरा. नवी पेस्ट पातळ थरात चिपभर पसरवा. प्रोसेसरवर वाटाण्याएवढा ठिपका ठेवून भागतं कारण त्यावर धातूचं झाकण असतं. इथे झाकण नाही, कोपरा कोरडा राहिला की तो कोपराच तापतो.

मेमरीच्या चिपांवर मऊ थर्मल पॅड असतील तर त्यांची जाडी मोजूनच नवे आणा. यात मी स्वतः फसलोय. एका कार्डाचे फाटलेले पॅड बदलताना हाताशी दीड मिलिमीटरचे होते, मूळचे एक मिलिमीटरचे होते. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय म्हणून लावले. जाड पॅडांवर हीटसिंक टेकली आणि मुख्य चिपपासून केसभर वरच राहिली. कार्ड सुरू केल्यावर मिनिटाभरात तापमान शंभराला भिडलं. ज्या कार्डावर मेमरीला मुळात पॅड नव्हतेच तिथे हौसेने लावू नका, हेही त्यातच आलं.

पंखा बोटाने फिरवून बघा. चांगला पंखा दोन-तीन फेरे घेऊन थांबतो, अडकलेला जागच्या जागी थांबतो. मधलं स्टिकर उचलून बेअरिंगमध्ये हलक्या मशीन तेलाचा एक थेंब टाकला तर काही महिने निघतात. घरात असेल ते तेल टाकू नका, ते चिकट होऊन बसतं. पंखा मिळत असेल तर बदलणंच बरं.

कार्ड उघडलंच आहे तर कपॅसिटरांवर नजर टाका. डोकं फुगलेलं, तळाशी तपकिरी ओघळ, म्हणजे गेलेला. २००० ते २००७ च्या सुमाराच्या कार्डांवर आणि बोर्डांवर हे सर्रास दिसायचं. त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बाजारात भरपूर आले होते. तुमच्या पिढीच्या कार्डांवर बहुधा घन प्रकारचे असतात, ते क्वचितच फुगतात. बदलायची वेळ आलीच तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला), आणि उलटा बसवायचा नाही. कार्डाच्या आतले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, त्यामुळे साध्या हलक्या सोल्डरिंग आयर्नने टाका वितळत नाही आणि नवशिका जोर लावून छिद्रातला पत्राच उपटतो. हात बसलेला नसेल तर हे काम चिपलेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

कार्डाची स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, अल्कोहोलने साफ करून कार्ड परत बसवलं आणि आजार गेला, असंही होतं. हसू नका, होतं.

आता ओव्हन. तरुणपणी मीही भाजलंय, म्हणून अधिकाराने सांगतो. कार्ड जिवंत झालं, मी कॉलर ताठ केली, आणि तीन आठवड्यांनी ते पुन्हा मेलं. दुसऱ्यांदा भाजल्यावर चार दिवस चाललं.

असं का होतं? युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध आणले आणि बहुतेक उत्पादक कथील-चांदी-तांब्याच्या मिश्रणाकडे वळले. जुनं शिसं-कथील १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं, हे नवं २१७ च्या पुढे वितळतं. लोक ओव्हन लावतात १९०-२०० वर. म्हणजे चिपला बोर्डाशी जोडणाऱ्या झाळेच्या ज्या गोळ्या वितळून पुन्हा बसाव्यात म्हणून हा खटाटोप, त्या वितळतच नाहीत. मग कार्ड जिवंत कसं होतं? चिप म्हणून आपण जे बघतो ते दोन मजली असतं. वर सिलिकॉनचा तुकडा, खाली हिरवा आधार, आणि त्यांच्यामध्ये केसाहून बारीक झाळेचे ठिपके, भोवती राळेसारखा भराव. वर्षानुवर्षं तापून-थंडावून हे ठिपके चिरतात. भाजल्यावर सगळं प्रसरण पावतं, चिरेच्या दोन्ही कडा पुन्हा एकमेकींना टेकतात, आणि त्या टेकलेल्या असेपर्यंत कार्ड चालतं. सांधा जुळलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या काही चिपांच्या पॅकेजिंगमधल्या कमजोर मालामुळे होणाऱ्या बिघाडांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, त्याच्या मुळाशी याच जागेचं दुखणं होतं.

याच कारणाने रिबॉलिंगवरही माझा फारसा विश्वास नाही. त्यात आधाराखालच्या मोठ्या गोळ्या बदलतात, वरच्या मजल्यावरचे ठिपके तसेच राहतात. बिघाड खरोखर खालच्या गोळ्यांत असेल तर ते टिकतं, पण करणाऱ्याला हे आधी माहीत नसतं. मेमरीची एखादी चिप गेली असेल तर ती बदलून कार्ड पक्कं दुरुस्त होतं. तेवढं काम मी मानतो. ती शंका असेल तर आफ्टरबर्नर या कार्डाचे वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा क्लॉक दोनशे-तीनशे मेगाहर्ट्झने उतरवून बघा. चौकटी थांबल्या तर मेमरीवर संशय पक्का, आणि नवं कार्ड येईपर्यंत त्याच सेटिंगवर दिवस काढता येतात. आणि अजूनही भाजायचंच असेल तर निदान ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजतं त्यात नको.

वरचं सगळं करून कार्ड सुधारलं नाही तर नवं घ्या, पण मशीन जुनं आहे हे लक्षात ठेवून. स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो, सहा पिनांचा जोड आणखी ७५, आठ पिनांचा १५०. इतक्या वर्षांच्या एसएमपीएसवर मी स्लॉटच्या ७५ मध्येच भागणारं कार्ड निवडेन. जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचं, जीटीएक्स १६५० ७५ वॅटचं. दोन्हींची बहुतेक मॉडेलं जादा जोड मागत नाहीत, पण काही मागतात, फोटो बघून घ्या. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या, वीजजोडावरून सहा पिन काढणारा अडॅप्टर कोणी दिला तर नम्रपणे नको म्हणा. साटाच्या बारा व्होल्टच्या तीन पिना मिळून ५४ वॅटसाठी बनवलेल्या आहेत, आणि सहा पिनांवर कार्ड ७५ मागू शकतं.

ड्रायव्हरचंही बघा. तुमच्या ६५० टीआयच्या केप्लर पिढीचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले. ७५० टीआय आणि १०५० टीआयच्या पिढ्यांना २०२५ मध्ये तीच पाळी आली. १६५० त्यानंतरच्या पिढीचं, म्हणून दोघांत मी तेच घेईन. आरएक्स ६५०० एक्सटी कागदावर आकर्षक दिसतं, पण ते स्लॉटच्या चारच लेनवर (माहिती ये-जा करण्याच्या मार्गिकांवर) चालतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर त्याने बिघडत नाही. तुमचा बोर्ड फार तर ३.० चा, तिथे लेनची क्षमता निम्मी होते आणि गेम अडखळतात. इंटेलचं आर्क रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर खूप मंदावतं, आणि तुमच्या काळातल्या बोर्डात ती सोय येत नाही. जीटी १०३० घेत असाल तर खोक्यावर जीडीडीआर-५ लिहिलंय ना ते वाचा. डीडीआर-४ वाल्याचं नाव तेच, पण मेमरीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइटवरून १७ च्या आत येतो.

तुमचा व्हीजीए मॉनिटर इथे आडवा येणार. आत्ताच्या कार्डाच्या डीव्हीआयमधली आडवी चीर बघा, तिच्याभोवती चार छोटी भोकं आहेत. अॅनालॉग संकेत त्यांतून जातो, म्हणून तुमचा साधा अडॅप्टर चालतो. एनव्हिडियाने १० मालिकेपासून, म्हणजे १०५० टीआयच्या पिढीपासून, ही सोय काढून टाकली. नव्या कार्डावर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल. यावरून एक खूणही मिळते: कोणी व्हीजीए पोर्ट असलेलं जुनं जीटीएक्स १०५० टीआय विकत असेल तर दोन पावलं मागे या. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डांचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ती १०५० टीआय म्हणून खपवण्याचे प्रकार भरपूर झाले आहेत. जीपीयू-झेड २०१८ पासून अशी बरीच कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ लिहितं, म्हणून वापरलेलं कार्ड घेताना ते चालवून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

बसवण्याआधी, मशीन प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालू असताना, मदरबोर्डच्या बायोसची शेवटची आवृत्ती टाकून घ्या. २०१२ च्या सुमाराचे बोर्ड जुन्या बायोसकडून यूईएफआय या नव्या पद्धतीकडे जाण्याच्या मधल्या काळातले आहेत आणि त्यातले काही नव्या कार्डावर पडदा उजळूच देत नाहीत. नवं कार्ड लावल्यावर नो डिस्प्ले झालं तर लगेच परत करायला पळू नका. कार्ड काढा, बोर्डाच्या व्हीजीएवर या, बायोसमध्ये पहिला डिस्प्ले पीसीआय एक्सप्रेसचा निवडा, सीएसएम (जुन्या बायोसच्या पद्धतीने चालू देणारी सोय) चालू-बंद करून दोन्ही तऱ्हा बघा. जुना ड्रायव्हर डीडीयू नावाच्या साधनाने सेफ मोडमध्ये काढून मगच नवा टाका.

आणि कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची ती प्लास्टिकची कडी आधी पेन्सिलीच्या टोकाने दाबा. दहा-बारा वर्षांत ती ठिसूळ झालेली असते. तुटली तरी हळहळू नका, कार्डाचा भार कॅबिनेटला लावलेला स्क्रू पेलतो; फक्त तो स्क्रू लावायचा कंटाळा करू नका.